तीच जागा, तोच चारा, पण मासा गायब: बोट नसताना तलावाच्या काठावरून गळ टाकणाऱ्यांची नेहमीची अडचण

प्रॉब्लेम असा असतो की मार्चमध्ये एका दगडावरून मस्त मासे लागले म्हणून जागा लक्षात ठेवली, मोबाईलवर पिन टाकून ठेवली, मग ऑगस्टमध्ये त्याच दगडावर तोच चारा घेऊन त्याच वेळेला जाऊन बसलं तर अख्ख्या सकाळी एक बाईट नाही. माझा भाचा कोपरखैरण्याचा, नोकरीसाठी ॲरिझोनात चँडलरला असतो, त्याचा फोन आला की, "मामा, सगळं तेच आहे, मासाच नाही, बोट घ्यावी लागेल बहुतेक." आणि हेच वाक्य मला कळव्याच्या आणि ऐरोलीच्या मित्रांकडून बारवी धरणाबद्दल ऐकायला मिळतं, फक्त महिने वेगळे, म्हणजे नोव्हेंबरला लागलं आणि एप्रिलला काहीच नाही. म्हणून एकदाच नीट सगळं लिहितो, कारण बोट घेऊन हा प्रॉब्लेम सुटत नाही, बोट असलेले लोक पण हेच रडतात.

कारण साधं आहे. तुमच्या पिनने फक्त जमिनीवरची जागा धरून ठेवली, पाणी तिथून निघून गेलं. भाचा जातो तो लेक प्लेझंट. हा फिनिक्सच्या वायव्येला आहे आणि त्यातलं बरंचसं पाणी कोलोरॅडो नदीचं आहे, लेक हवासूमधून पंपाने उचलून सुमारे ५४० किलोमीटरच्या कालव्याने ॲरिझोनाभर फिरवतात त्या सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टचं. हिवाळ्यात मागणी कमी असते तेव्हा तलावात पाणी भरून ठेवतात आणि उन्हाळ्यात शेतीला आणि शहरांना सोडतात, त्यामुळे वसंतात तलाव भरलेला आणि उन्हाळा संपता संपता कित्येक मीटर उतरलेला, दर वर्षी. म्हणजे मार्चला ज्या दगडासमोर सहा-सात मीटर पाणी होतं तो दगड ऑगस्टला कोरड्या उतारावर उभा असतो आणि पाण्याच्या कडेपर्यंत जायला खाली उतरावं लागतं, आणि जिथं पोचता तिथला तळ वेगळाच असतो, एकदम सपाट गाळाचा, लांबपर्यंत गुडघाभर पाणी. मासा तिथं दिवसाउजेडी कशाला येईल.

लेक मीडचं उदाहरण तर सगळ्यात मोठं. कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणामागचा हा तलाव १९८३ मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे १,२२५ फुटांवर होता आणि जुलै २०२२ मध्ये सुमारे १,०४० फुटांवर आला, म्हणजे ५६ मीटरच्या आसपास खाली, डोंगरांवर पांढरा पट्टा राहिला तो फोटो तुम्ही पाहिला असेलच. त्या वर्षी बोटी सोडायचे बहुतेक रॅम्प बंद पडले होते कारण रॅम्प जिथं संपतो तिथं पाणीच नव्हतं, आणि चालत काठावर पोचणारे लोक मात्र मासे पकडत होते. तेव्हा बोट नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आता हे आपल्याला कळायला खरं तर सोपं जायला पाहिजे कारण आपण खाडीवाले आहोत. ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं, उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते, आणि दिवाळे गावचा किंवा ऐरोलीचा कोळी माणूस कधीच असं म्हणत नाही की "ही माझी जागा". तो म्हणतो या पाण्याला ही जागा, त्या पाण्याला ती. दिवाळे गावच्या एका नाखवांनी मला लहानपणी सांगितलेलं अजून तसंच कानात आहे, "बाला, सुकतीला चिखल बगून ठेव, भरतीला मासा तिथंच येनार हाय." म्हणजे ओहोटीला तळ उघडा पडतो तेव्हा खड्डा कुठं, नाळ म्हणजे पाण्याची खोल वाट कुठून जाते, दगड कुठं हे बघून ठेवायचं आणि पाणी आलं की तिथं गळ टाकायचा. वाळवंटातल्या तलावाला आणि आपल्या धरणाला सुद्धा भरती-ओहोटी आहेच, फक्त ती वर्षातून एकदा होते आणि इतकी हळू होते की लक्षात येत नाही. बाकी सगळा उपाय या एका गोष्टीतून निघतो.

सगळ्यात आधी पातळी बघा. अमेरिकेत हे फार सोपं आहे, मीड आणि त्याच नदीवरच्या लेक पॉवेलची पातळी ब्युरो ऑफ रेक्लमेशन हे तिथलं सरकारी धरणखातं रोज टाकतं, फिनिक्सच्या पूर्वेच्या सॉल्ट नदीवरच्या तलावांची सॉल्ट रिव्हर प्रोजेक्टवाले टाकतात. आपल्याकडे पावसाळ्यात धरणांचे टक्के रोज पेपरात येतात, उन्हाळ्यात पाणीकपातीच्या बातम्यांत येतात, तेवढ्यावर पण काम भागतं. मासा लागला की तारखेबरोबर त्या दिवशीची पातळी वहीत लिहायची, आणि पुढच्या वेळी जाताना पातळी तेवढीच असेल तरच त्या जागेवर भरवसा ठेवायचा. पातळी उतरली असेल तर तसाच तळ, तसाच उतार, तेवढीच खोली आता कुठं आहे हे शोधायचं, आणि ते बहुतेक वेळा त्याच टेकडीच्या सोंडेवर आणखी पुढे किंवा शेजारच्या खाचेत सापडतं.

पातळी चढतेय की उतरतेय हे पण बघा, नुसता आकडा नाही. पाणी चढत असेल तर नव्याने बुडलेल्या झुडपांत आणि गवतात किडे-गांडुळं मिळतात म्हणून मासा काठाकडे सरकतो, आणि हे काठवाल्यांचे सगळ्यात चांगले दिवस असतात. ॲरिझोनातल्या रुझवेल्ट लेकचं असंच होतं, पाणी कमी असलेल्या वर्षांत उघड्या पडलेल्या तळावर झुडपं वाढतात आणि मग वितळलेल्या बर्फाचं आणि पावसाचं पाणी येऊन ती बुडाली की बास मासे त्यात घुसून बसतात. हे धरण १९११ चं आहे, सॉल्ट नदी आणि टोंटो क्रीकच्या संगमाजवळ, आणि पातळी खूप वरखाली होणारं आहे. उलट पाणी झपाट्याने उतरत असेल तर मासा उथळ भागात राहत नाही, तो पहिल्या खोल कडेवर जाऊन थांबतो, मग उथळ खाचेत वेळ घालवू नका, सोंडेच्या टोकाला जा. आणि सगळेच तलाव असे नसतात हे पण सांगतो, सग्वारो आणि कॅन्यन हे सॉल्ट नदीवरचेच खालचे तलाव बऱ्यापैकी एका पातळीला ठेवतात, तिथं जुनी जागा टिकते. तिथला त्रास वेगळा, काठ म्हणजे कडे, उतरायलाच वाट नाही. सग्वारोला बुचर जोन्स नावाची जागा आहे, तिथून काठाकाठाने पायवाट जाते, भाच्याला मी तीच सांगितली कारण चालत चालत दर थोड्या अंतरावर गळ टाकता येतो. टोंटोच्या जंगलाचा डे पास मात्र आधी काढून जायचं.

दुसरी गोष्ट तळ बघायची. गूगल अर्थ कॉम्प्युटरवर उघडा, वर घड्याळासारखं चिन्ह आहे ते दाबलं की जुन्या सालांचे फोटो दिसतात. आता पाणी जिथं भरलंय तिथला सगळ्यात कोरड्या काळातला फोटो शोधा. लेक मीडसाठी २०२२ चा, बारवी-भातसा धरणांसाठी मे महिन्यातला कुठलाही. त्यात तुम्हाला जुना रस्ता दिसेल, नाला दिसेल, दगडांचा ढीग दिसेल, आणि आज ते सगळं पाण्याखाली असतं. त्यातल्या ज्या गोष्टी आजच्या काठापासून तुमच्या फेकीच्या अंतरात आहेत तेवढ्याच निवडा, तीस-चाळीस मीटरच्या पलीकडचं तळाचं सौंदर्य बोटवाल्यांसाठी सोडून द्या.

आपल्याकडे तर याच्याही पुढे जाता येतं. मे महिन्यात नुसतं चालायला जा. रॉड नको, मोबाईल, टोपी, पाणी, बस. उघड्या पडलेल्या तळावरून फिरताना बुडालेल्या शेतांचे बांध, झाडांचे बुंधे, जुनी विहीर, बैलगाडीची वाट हे सगळं दिसतं, प्रत्येकाला पिन टाका आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा, मग ऑक्टोबरनंतर पाणी निवळलं की मोबाईलवर त्याच पिना बघून तिथं बसा. माझ्या मते हे एक काम कुठल्याही महागड्या रीलपेक्षा जास्त मासे देतं. बारवीची उंची वाढवल्यावर शेतं आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या, त्या गावांतली जुनी माणसं अजून आजूबाजूला आहेत आणि त्यांना तळ तोंडपाठ आहे, कुठं कातळ होता, कुठं ओढा वळायचा. पण विचारताना जरा मनाने विचारा, ते त्यांचं शिवार होतं, तुमच्यासाठी नुसता फिशिंग स्पॉट असला तरी. चहा घ्या, बसा, मग विचारा.

फोटो नाही, मे महिना नाही, आज पहिल्यांदाच त्या तलावावर उभे आहात, तरी पण काठ वाचता येतो. पाण्याच्या वरची जमीन जशी उतरते तशीच ती बहुतेक वेळा पाण्याखाली पुढे जाते. तुमच्या पाठीमागे सपाट माळ असेल तर समोर सपाट उथळ पाणी, पाठीमागे तीव्र चढ असेल तर समोर दोन पावलांवर खोल. टेकडीची सोंड पाण्यात घुसली असेल तर ती पाण्याखाली पण पुढे गेलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना उतार मिळतो, मासा खोलातून उथळात येताना या सोंडेवरूनच येतो. वाळवंटात कोरडे नाले असतात त्यांना तिथं वॉश म्हणतात, तो वॉश जिथं तलावाला मिळतो तिथं पाण्याखाली पण नाळ असते, आणि खाचेच्या दोन बाजूंपैकी जी बाजू उभी तिच्याकडे ती नाळ जास्त करून सरकलेली असते. बारीक खडी संपून मोठे दगड सुरू होतात, किंवा दगड संपून माती सुरू होते, अशा बदलाच्या ठिकाणी आधी टाका. अख्खा काठ सारखाच दिसत असेल तर जिथं काहीतरी बदलतं तीच जागा.

सगळ्यांनी करावी अशी एक गोष्ट म्हणजे गळ नेहमी सरळ समोर लांब फेकायचा सोडून काठाला समांतर फेकणं. उभ्या काठावर मासा कडेकडेने फिरतो, तुमच्यापासून दोन-तीन मीटरवर, आणि आपण त्याच्या डोक्यावरून चाळीस मीटर पलीकडे फेकतो. समांतर फेकला की लुअर म्हणजे खोटा चारा पूर्ण वेळ त्याच खोलीत राहतो.

खोली मोजायची तर काही विकत घ्यायची गरज नाही. लाइनला नुसतं शिसं बांधा, फेका, पाण्याला लागलं की मनात मोजायला सुरुवात करा, लाइन ताणलेली ठेवा, ढिली पडली की शिसं तळाला लागलं. आधी कुठंतरी खोली माहीत असलेल्या ठिकाणी टाकून बघा म्हणजे तुमचं एक मोजणं म्हणजे किती पाणी याचा अंदाज बसतो. मग एकाच जागेवर उभं राहून डावीकडून उजवीकडे पंख्यासारखं फेकत जा आणि जिथं आकडा अचानक वाढला तिथं कडा आहे, तीच हवीय. शिसं ओढून आणताना हाताला पण कळतं, गाळात जड आणि गुळगुळीत येतं, खडीवर खरखर लागते, झुडपात अडकून सुटतं. दहा-पंधरा मिनिटं यात गेली तरी जाऊ द्या, लोक चारा लावायची घाई करतात आणि तीन तास आंधळे बसतात.

पिरॅमिड लेकबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे कारण काठावरून मासेमारीचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. नेवाडात, रीनोच्या उत्तरेला, पायूट आदिवासींच्या जमिनीत हा तलाव आहे, ट्रकी नदी येऊन मिळते आणि बाहेर जायला वाट नाही. तिथं लोक चक्क शिड्या घेऊन येतात, पाण्यात कमरेएवढ्या खोलीत शिडी उभी करतात आणि वर चढून गळ टाकतात. कारण उथळ पट्ट्याच्या पुढे तळ एकदम खाली जातो आणि लाहॉन्टन कटथ्रोट ट्राउट त्या कडेकडेने फिरतात, शिडीवरून फेकलं की बरोबर कडेवर पडतं. १९२५ मध्ये तिथं ४१ पौंडांचा ट्राउट लागला होता, तो आजही या जातीचा रेकॉर्ड आहे. पण १९०५ मध्येच बांधलेल्या डर्बी धरणामुळे नदीचं पाणी कमी होत गेलं, माशांना अंडी घालायला वर जाता येईना, आणि १९४० च्या दशकात ती मूळ जात तलावातून संपली. पुढे युटाच्या सीमेवर पायलट पीक डोंगरातल्या एका छोट्या ओढ्यात त्याच वंशाचे मासे सापडले, त्यांची पिल्लं वाढवून २००६ पासून पिरॅमिडमध्ये परत सोडली आणि आता पुन्हा मोठे मासे लागतायत, काठावर शिडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांना. मला हे वाचून फार बरं वाटतं दर वेळी. परमिट पायूट लोकांकडूनच घ्यायचं, नियम त्यांचे, आणि सीझन ऑक्टोबर ते जून.

जागा बरोबर आहे, खोली बरोबर आहे, तरी लागत नाही, तर वेळ आणि वारा बघा. वाळवंटातलं पाणी काचेसारखं स्वच्छ आणि ऊन भयानक, दुपारी मासा खाली जातो. पण उन्हाळ्यात तलावाचं पाणी थरांत वाटलं जातं, वर गरम, खाली थंड, आणि खूप खालच्या थरात ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून "जेवढं खोल तेवढं चांगलं" हे पण खरं नाही, थर बदलतो त्याच्या आसपास मासा राहतो. काठवाल्याने उन्हाळ्यात पहाटे, सूर्य मावळताना आणि रात्रीच जायचं. लेक मीडला रात्री दिवा लावून स्ट्राइप्ड बास पकडतात, फ्रोझन अँचोव्हीचे तुकडे लावून, अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या जवळचाच मासा. वसंतात पाणी १५ ते १८ अंश झालं की लार्जमाउथ बास अंडी घालायला उथळात येतात, तेव्हा दुपारी पण लागतात, भाच्याचा मार्च म्हणजे तोच काळ होता, हे पण त्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

वाऱ्याचं बरेच जण उलटं करतात. वारा पाठीमागून घेऊन आरामात फेकत बसतात. ज्या काठावर वारा येऊन आदळतो तिथं वरचं पाणी, त्यातले सूक्ष्म जीव आणि त्यांच्या मागे शॅडसारखे छोटे मासे ढकलले जातात, मोठा मासा त्यांच्या मागे. लाटांमुळे ऊन पण कापलं जातं आणि तुम्ही दिसत नाही. फेकायला त्रास होतो, तरी तोंडावर वारा घेऊन उभं राहा.

आपल्या धरणांत कोणता मासा कुठल्या थरात खातो हे पण लक्षात घ्या, कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, मरळ गवताच्या उथळ कडेला. म्हणजे तळाशी चारा टाकून कटल्याची वाट बघत बसलात तर जागा कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगतो: पाण्याच्या कडेपासून दोन पावलं मागे उभे राहा, सूर्य पाठीशी असेल तर सावली पाण्यावर पडू देऊ नका, स्वच्छ पाण्यात बारीक लाइन, आणि वीस मिनिटांत काही नाही तर उठा आणि पुढे चाला.

परवानगीचं आणि जिवाचं. ॲरिझोनात १० वर्षं आणि त्यावरच्यांना लायसन्स लागतं, जिवंत मासा चारा म्हणून वापरायचे नियम तलावागणिक वेगळे आहेत. आपल्याकडे धरणांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग सहकारी संस्थांना ठेक्याने देतो, तेव्हा आधी त्या गावातल्या संस्थेला विचारा, त्यांचं पोट त्यावर आहे. तानसा तलाव अभयारण्यात येतो, तिथं रॉड घेऊन जाऊच नका, आणि पावसाळ्यात धरणांवर बंदी असते ती पाळा, दर वर्षी पोरं बुडतात. उतरलेल्या पाण्याच्या काठचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि आत माणूस मांडीपर्यंत जातो, मीडलाही आणि बारवीलाही, काठीने टोचून बघितल्याशिवाय पाय टाकायचा नाही. मीडच्या दगडांवर २००७ पासून क्वागा शिंपल्या पसरल्यात, त्या पायही कापतात आणि लाइनही, बूट घालून जा आणि निघताना सगळं सामान धुऊन कोरडं करा म्हणजे त्या दुसऱ्या तलावात जाणार नाहीत. वॉशच्या तोंडाशी जागा चांगली असते असं मी वर लिहिलंय, पण जुलै-ऑगस्टला लांबवर डोंगरात ढग दिसले तर तिथून लगेच उठायचं, पाऊस तुमच्यावर पडत नसला तरी लोंढा येतो.

भाच्याला मी शेवटी एवढंच करायला लावलं की मार्चची पातळी आणि आजची पातळी काढ, फरक किती ते बघ, आणि त्याच सोंडेवर तेवढं खाली उतरून समांतर टाक, पहाटे. तो आता जातोय तसा. तुमचं अडत असेल तर मला विचारताना तलावाचं नाव, तारीख, पातळी चढती की उतरती, पाठीमागचा काठ सपाट की उभा, आणि शिसं तळाला जायला किती मोजावं लागलं एवढं सांगा, रॉड कुठल्या कंपनीचा ते नाही सांगितलं तरी चालेल.